ढखालचं टिंब

सूर्य रोहिणीत गेला की इथे रायपुरात नऊ दिवस कोणी कोणाकडून कसलीही अपेक्षा ठेवत नाही. नवतपा लागला, एवढं म्हटलं की सगळं माफ. दूधवाला उशिरा आला, नवतपा. भाचीच्या साखरपुड्याला कोणी गेलं नाही, नवतपा. माझे बाबा नागपूर सोडून इथल्या रेल्वेत कारकुनीला लागले आणि इथलेच झाले, पण या नऊ दिवसांत त्यांचं नागपूर उफाळून यायचं. "आमच्या इकडचं ऊन याच्याहून कडक," असं ते अंगणात पाणी मारता मारता म्हणायचे, जणू उन्हाचाही कोणीतरी सत्कार करायचा राहून गेला आहे. बाबा आता नाहीत. ऊन आहे.

यंदा नवतप्याच्या दुसऱ्याच दिवशी एक पत्र आलं. संगणक व्यावसायिकांची एक देशभर पसरलेली संस्था आहे, तिच्या रायपूर शाखेनं मला भाषणाला बोलावलं आहे. विषय असा: विविधतेने नटलेल्या देशातील सार्वजनिक संस्था आणि संगणक व्यावसायिकांची जबाबदारी. पाकिटावर तो दोन ओळींत बसवला होता. मी या शाखेची पहिली सचिव, म्हणून हा मान. दुपारी कूलरसमोर बसून चार मुद्दे काढायला घेतले. वाळ्याचा ओला वास येत होता, पडदा फडफडत होता आणि कागद कोराच होता. या विषयावर मी आयुष्यभर बोलत आले आहे, तेव्हा शब्दांची चणचण नाही. पण मी थकले आहे, आणि त्या सगळ्या भाषणांत एक गोष्ट मी कधीच सांगितलेली नाही.

राज्य नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. राजधानी झाल्याच्या आनंदात शहरभर रंगाचा वास होता. भोपाळहून फायलींचे ट्रक यायचे आणि त्या उतरवायच्या कुठे, हे कोणालाच ठाऊक नसायचं. माझं ऑफिस एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत होतं. मी बसायचे त्या खिडकीवर 'दवा वितरण' असं रंगवलेलं होतं, आणि अधूनमधून एखादी बाई खोकणाऱ्या लेकराला घेऊन खिडकीत चिठ्ठी सरकवायची. "इथं आता औषध मिळत नाही, इथं कॉम्प्युटर आहे," असं हिंदीत सांगताना मला उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं. कंत्राटावरची नोकरी होती, वय अठ्ठावीस होतं आणि आपण एक अख्खं राज्य उभारत आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

संस्थेची शाखा त्याच वर्षी निघाली. अध्यक्ष मिश्रा सर, इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायचे. रविवारी सकाळी त्यांच्याच कॉलेजातल्या एका वर्गात आम्ही अकरा-बारा जण जमायचो. संस्थेचा कापडी फलक दिल्लीहून आला होता, तो वर्गाच्या भिंतीपेक्षा लांब निघाला, म्हणून नावाची शेवटची तीन अक्षरं कायम दुमडलेली असायची. समोसे, चहा, ठराव, सूचक, अनुमोदक. बाहेरचे लोक हसतील, पण आम्हाला त्याची गोडी होती. कोणाच्या मर्जीनं नाही, तर नियमानं काम चालतं, हे नव्या राज्यात कुठेतरी दिसत होतं आणि ते आमच्या त्या वर्गात दिसत होतं. मला त्या दिवसांचा अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो, हीच तर पंचाईत आहे.

मग सरकारकडून आम्हाला काम आलं. जुन्या कुटुंब-नोंदी ज्या हिंदी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या, तो सगळा मुखवट्यांचा कारभार होता. पडद्यावर 'घर' दिसायचं, पण आत साठवलेलं असायचं प्रश्नचिन्ह, के आणि जे. आता प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी नवी पद्धत आली होती, तीत या नोंदी आणायच्या होत्या. कोणती अक्षरं ठेवायची, कोणती चिन्हं गाळायची, याची यादी आणि नियम संस्थेनं सुचवायचे होते. मिश्रा सरांनी ते काम माझ्यावर सोपवलं. "वंदना जी, मराठी लोगों की देवनागरी बड़ी साफ होती है," ते म्हणाले. मी फुलून गेले.

इथेच घात झाला. आपण मराठी माणसं ड आणि ढ यांच्या खाली टिंब देत नाही. पेढा, गाढव, गाडी, वाडा, सगळं टिंबाशिवाय लिहितो आणि जीभ आपली जिथं वळायची तिथं बरोबर वळते. हिंदीवाले मात्र ढोल लिहिताना टिंब देत नाहीत आणि पढ़ना लिहिताना देतात. मी शिकले हिंदी शाळेत, पण घरी बाबांनी गिरवून घेतलेलं मराठी वळण काही सुटलं नाही. श्रुतलेखनात माझे गुण दर वेळी या टिंबांपायीच जायचे आणि दर वेळी मला तो अन्याय वाटायचा. जुन्या नोंदींत तर कोणी टायपिस्ट टिंब द्यायचा, कोणी नाही. मी विचार केला, शोभेची वस्तू आहे, काढून टाकू, सगळं एकसारखं होईल. नियम सातवा: ड और ढ के नीचे का बिंदु छोड़ दिया जाए. एकमतानं मंजूर. सचिव म्हणून खाली माझी सही.

ज्या राज्यासाठी ही यादी होती, त्या राज्याच्या नावातच ते टिंब आहे, हे अकरा जणांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. छत्तीसगढ़. सरकारी कागदावर राज्याचं नाव चित्र म्हणून छापलेलं असायचं, त्यामुळे तिथलं टिंब शाबूत राहिलं. बाकी रायगढ़, डोंगरगढ़, खैरागढ़, सगळे गड माझ्या एका ओळीनं पडले. मराठीत ढ कोणाला म्हणतात ते सांगायला नको. आता मी ही नावं मराठीतही टिंब देऊनच लिहिते. मुद्रितशोधक ते काढतात, मी परत घालते.

आमच्या ऑफिसात फूलबाई पाणी भरायची. उन्हाळ्यात सकाळी आठला येऊन सात माठ भरून ठेवायची, त्यांच्यावर ओलं फडकं गुंडाळायची आणि दिवसभर त्या फडक्यांवर पाणी शिंपडत फिरायची. माझ्या टेबलाजवळचा माठ तिचा लाडका. "दीदी के पानी सबले ठंडा," म्हणायची. राहायला गुढ़ियारीत, मालधक्क्याच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत. नवरा उरल्याला लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर जायचा. मुलगी सरिता बारावीला विज्ञान घेऊन पास झाली होती, साऱ्या पाऱ्यात तेवढी एकच. तिला नर्स व्हायचं होतं. सरकारी नर्सिंग शाळेच्या अर्जाला मूल निवासी प्रमाणपत्र लागायचं, म्हणजे ही मुलगी इथलीच आहे असं सरकारनं लिहून द्यायचं. अर्जाची शेवटची तारीख शनिवारची होती. सोमवारी फूलबाई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"दीदी, कम्पूटर म हमर पारा नइ हे, कहिथें."

मी हसले. असं कसं होईल, म्हटलं, आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्यासोबत तहसील कार्यालयात गेले. सरिता सकाळपासून खिडकीखालच्या बाकावर बसून होती. डोक्यावर ओला दुपट्टा, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका. मला बघून ती उठून उभी राहिली आणि मी बस म्हणेपर्यंत बसली नाही. मी आत गेले. बाबू भला माणूस होता. त्यानं माझ्यासमोर मोहल्ल्याचं नाव टाइप केलं, टिंबासकट, जसं कोणीही हिंदी माणूस करेल. पडद्यावर उत्तर आलं, नोंद उपलब्ध नाही. मी त्याला टिंब काढून टाइप करायला सांगितलं. नोंद आली. फूलबाई, नवरा, सरिता, सगळे जागेवर होते. फक्त नोंदीतलं त्यांचं टिंब नसलेलं गुढियारी मोहल्ल्यांच्या नव्या यादीतल्या टिंबवाल्या गुढ़ियारीशी जुळत नव्हतं, म्हणून कॉम्प्युटर प्रमाणपत्र छापायला तयार नव्हता. हातानं प्रमाणपत्र लिहून देणं त्याच महिन्यात बंद झालं होतं. नव्या राजधानीची ती शान होती.

"चार दिन से पूरा गुढ़ियारी गायब है, मॅडम," बाबू म्हणाला. मग भिंतीवर टांगलेल्या आमच्या यादीकडे बोट करून हळूच म्हणाला, "साइन तो आपके ही हैं. आप चार लाइन लिखकर दे दीजिए, कि सूची में गलती हुई है, दोनों नाम एक ही हैं. मैं साहब से बोलकर इस बच्ची का हाथ से बनवा दूँगा."

चार ओळी. कागद त्यानं पुढे सरकवलासुद्धा. मी म्हटलं, संस्थेत विचारून देते.

बाहेर आल्यावर फूलबाईनं विचारलं, काय झालं. "कंप्यूटर में गड़बड़ है, ठीक हो जाएगा," मी सांगितलं. गड़बड़ या शब्दात दोन टिंबं आहेत, हे मला रिक्षात बसल्यावर सुचलं आणि हसूही आलं. तेव्हा मला अजून वाटत होतं की शनिवारपर्यंत सगळं होईल.

मिश्रा सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना दोष द्यावा असं ते काही बोलले नाहीत. "सूची संस्था की है, आपकी निजी नहीं. आप अकेले कैसे लिखेंगी? कार्यकारिणी बुला लीजिए, संशोधन पास करके विधिवत भेज देते हैं." नियमानं पाहिलं तर बरोबर होतं. गुरुवारी संध्याकाळी पाचला खास सभा ठरली. मी अकरा जणांना फोन केले.

त्या आठवड्यात नवतपा भरात होता. डांबर चपलेला चिकटत होतं आणि लाइट गेली की दोन-दोन तास यायची नाही. गुरुवारी सभेला चौघं आलो. सात हवे होते. एकाला लू लागली होती, एकजण सासुरवाडीला बिलासपूरला अडकला होता, बाकीच्यांनी बहुधा खिडकीतून बाहेर डोकावून पाहिलं असेल. मिश्रा सरांनी घड्याळ टेबलावर ठेवून नियमाप्रमाणे अर्धा तास वाट पाहिली. पंखा बंद, वर्गात खडूचा तापलेला वास. मग त्यांनी सांगितलं आणि मी इतिवृत्तात लिहिलं: गणपूर्ति के अभाव में सभा अगले गुरुवार तक स्थगित. अक्षर सुरेख आलं होतं.

घरी बाबा ओट्यावर बसले होते. त्यांना सगळं सांगितलं.

"ते यादीचं तूच लिहिलं होतं ना? मंग तूच लिहून दे ना दुसरं. त्याले सभा काहून पायजे?"

"बाबा, तुम्हाले नाई समजत. संस्था असते. तिचे नियम असतात."

"रेल्वे का संस्था नाई का? गाडी चुकीच्या लाइनीवर येऊन राहिली तं लाल झेंडी दाखवाले कोनी मीटिंग नाई बलावत, पोरी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भेव वाटून राहिलं का तुले?"

वाटत होतं. माझं कंत्राट जूनमध्ये संपत होतं आणि पुढचं देणारं खातं तेच होतं. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती, आणि ती मी बाबांना सांगितली नाही. माझ्या कानात एक वाक्य आधीच ऐकू येत होतं: मराठीवाली ने तो प्रदेश का नाम ही बिगाड़ दिया. जन्म इथला, शाळा इथली, तरी या गावात मी कायम नागपूरवाली. इतक्या मेहनतीनं मी त्यांच्यातली झाले होते, आणि आता स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं की मला तुमची भाषा नीट येत नाही, हे माझ्यानं होईना. शुक्रवारी ऑफिसात मी त्या चार ओळी लिहिल्या. वाचल्या, आणि फाडून टाकल्या. फूलबाई माठावर पाणी शिंपडत होती. शनिवारी मी रजा टाकली. कारण काय लिहिलं होतं ते कोणीही ओळखेल.

पुढच्या गुरुवारीही सभा झाली नाही. पावसाळा लागून उष्मा उतरल्यावर झाली, नऊ जण आले, नियम सातवा एकमतानं रद्द झाला. त्रुटी निदर्शनास आणून दिल्याबद्दल सचिवांचे आभार, असाही ठराव झाला. तो मीच लिहून घेतला. सगळ्या गडांना टिंबं परत मिळाली. कंत्राटही वाढलं. त्या हिवाळ्यात सरिताचं अभनपूरला लग्न झालं, कारण मुलगी वर्षभर घरी बसवून ठेवायची कशी, असं तिच्या बापाला वाटलं. पुढे ती मितानिन झाली. गावातल्या बायांना दवाखान्यात नेणारी, गोळ्या वाटणारी बाई, तिला इथे मितानिन म्हणतात. चांगलं काम करते, असं ऐकलं. ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

आज विचार करते तेव्हा संस्थांवर माझा राग नाही. इतक्या बोलींच्या, इतक्या वळणांच्या देशात कोणीतरी बसून अक्षरं ठरवायलाच हवीत, ज्यानं त्यानं आपलंच वळण चालवलं तर कोणाचीच नोंद कोणाला सापडणार नाही. नियम हवेत, गणपूर्तीही हवी. पण चूक करायला मी एकटी पुरले होते आणि ती कबूल करायला सात जण लागले, हे गणित मला कधी पटलं नाही. पटलं नाही तरी त्याच गणिताच्या आड मी आरामात बसले. नंतर मी अध्यक्ष झाले, आचारसंहितेच्या समितीवर गेले, परगावी जाऊन व्याख्यानं दिली. दर नवतप्यात मात्र जिवाला एक शीण येतो आणि कूलर लावून तो जात नाही.

यंदा त्या पत्रावर मी चार दिवस काही लिहू शकले नाही. सहाव्या दिवशी ऊन कलल्यावर रिक्षा करून गुढ़ियारीला गेले. फूलबाईनं गुडघ्यांमुळे काम सोडलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. मालगाड्या तशाच शंटिंग करत होत्या, धक्क्यावरून धान्याचा आणि गोणपाटाचा तोच वास येत होता. फूलबाई दारात खाटेवर बसली होती. पार वाळली आहे. मला ओळखायला तिला क्षणभर लागला आणि मग तिनं माझे दोन्ही हात धरून मला खाटेवर बसवलं. नातीला हाक मारून पाणी आणवलं, कैरीचं पन्हं आणवलं, आणि स्वतः बांबूचा पंखा घेऊन मला वारा घालायला लागली. मी नको म्हटलं. "हव, हव," म्हणत तिनं मान डोलावली आणि ती घालतच राहिली.

मी रिक्षात वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी विसरले. म्हटलं, फूलबाई, सरिताचं त्या वेळी अडलं ना, ते कॉम्प्युटरमुळे नाही. ती माझी चूक होती. आणि बाबूनं मला चार ओळी लिहून मागितल्या होत्या. मी दिल्या नाहीत. मी घाबरले.

हे सगळं मी हिंदीत बोलले. पलीकडे एक मालगाडी थांबली, डबे एकमेकांवर आदळत गेले. आवाज संपल्यावर फूलबाई म्हणाली,

"मोला मालूम रिहिस, दीदी. सरिता खिड़की तरी बइठे रिहिस न, सब सुने रिहिस."

खिडकीखालचा बाक. इतकी वर्षं मी स्वतःला बजावत आले होते की पोरीला काही ऐकू गेलं नसेल.

मी विचारलं, मग तू मला कधी म्हणाली का नाहीस? रोज तर समोर होतीस.

तिला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "का कहितेंव? सरिता कहिस, दीदी लिख दिही. सनिच्चर के संझा तक अगोरेन हमन."

लिख दिही म्हणजे लिहून देईल आणि अगोरना म्हणजे वाट पाहणं, एवढी छत्तीसगढ़ी मला येते. फूलबाईनं पंखा या हातातून त्या हातात घेतला आणि ती मला वारा घालत राहिली.